‘ओपन’ला नाव घालू का?

प्रश्न: ताई, मी चिपळूण तालुक्यातला, वय २६. बाबांबरोबर दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात गॅरेजातलं सगळं पाण्याखाली गेलं, त्याचं कर्ज आत्ता कुठे फिटलंय. आमच्या भागात पावसाळ्यात चिखलातल्या बाईक शर्यती होतात. तिथला लोकल क्लास मी सलग दोन वर्षं जिंकलो. मागच्या हिवाळ्यात घाट चढून कोल्हापूरच्या ट्रॅकवर सरावाला जायला लागलो, तिथेही वेळ बरी लागते. आता मित्र म्हणतात, वर्गणी काढू आणि चेन्नईच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट ओपन गटात, कंपन्यांचे पगारी रायडर उतरतात त्यात, तुझं नाव घालू. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. काका म्हणतात, हौशी माणसानं त्या लोकांच्या मध्ये घुसणं म्हणजे स्वतःबरोबर त्यांनाही धोक्यात घालणं. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही, कोल्हापूरला टायर आणायला जातो असं तिला वाटतं. मी काय करू?

उत्तर:

शर्यतीत जरूर उतर. चेन्नईलाही जा. फक्त पहिल्या वर्षी ओपनला नाव घालू नको, नोव्हिसला, म्हणजे नवख्यांच्या गटाला घाल. ओपनला कधी जायचं तेही सांगते, कारण नुसतं ‘थांब’ म्हणून तुझ्या वयाचा मुलगा थांबत नाही आणि थांबूही नये.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे मित्रांचं म्हणणं खरंच आहे. पण आपल्याकडे पोरांना पोहायला कसं शिकवतात? विहिरीत, पाठीला डबा बांधून, आणि काठावर कुणीतरी दोर धरून उभं असतं. श्रावणातल्या भरतीला खाडीच्या तोंडाशी कुणी पोराला ढकलत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत १६५ सीसीचा नोव्हिस गट ठेवलाय तो याचसाठी. डर्ट-ट्रॅकवरही लोकल, नोव्हिस, प्रायव्हेट एक्स्पर्ट, एक्स्पर्ट असे टप्पे असतात. तू त्यातला पहिलाच चढला आहेस.

आता काकांचं म्हणणं. ते तू फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही, एका वाक्यात आटोपलंस. मला मात्र तुझ्या पत्रातलं तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

मी शर्यतींमध्ये वेळ नोंदवणाऱ्यांच्या टेबलावर बसते. प्रत्येक गाडीला ट्रान्सपाँडर, म्हणजे तिची ओळख सांगणारं छोटं यंत्र, लावलेला असतो, रेषेवरून गाडी गेली की फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत पडद्यावर येते. लोक पुढे कोण आहे ते बघत असतात, आमच्यासमोर नुसते आकडे असतात. पण काही वर्षं ते आकडे वाचले की रायडरचं नाव झाकून ठेवलं तरी तो पगारी आहे की हौशी, हे सांगता येतं. कसं, ते बघ. समजा एका पगारी रायडरच्या फेऱ्या अशा आहेत: १:५८.३, १:५८.६, १:५८.४, १:५८.९, १:५८.५. आणि एका हौशी रायडरच्या अशा: २:०३, २:०९, २:०२, २:११, २:०४. मित्रमंडळी घरी येऊन काय सांगतात? ‘आपला गडी २:०२ ला गेला, फक्त चार सेकंदांचा फरक.’ तो २:०२ खोटा नसतो. पण मला त्या रांगेत २:११ दिसतो, आणि त्याच्या मागून येणाऱ्या रायडरची काळजी वाटते.

याचं कारण ट्रॅकवर जवळून गाडी चालवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात आहे. सरळ रस्त्यावरून वळणात शिरताना पाचसहा गाड्या एकमेकींच्या हातभर अंतरावर असतात. पुढचा कुठे ब्रेक धरणार, कुठून आत वळणार, वळणातून बाहेर पडताना कडेला कुठपर्यंत जाणार, हे मागच्याला आधीच ठाऊक असतं, कारण पुढचा प्रत्येक फेरीत तेच करत आलेला असतो. या भरवशावर ते एवढे जवळ चालवतात. हौशी रायडर एका फेरीत वळणाआधीच्या शंभर मीटरच्या पाटीला ब्रेक धरतो, पुढच्या फेरीत घाबरून दीडशेला, तिसऱ्या फेरीत ईर्ष्येनं ऐंशीला, आणि मग वळण चुकून बाहेरच्या बाजूला वाहत जातो. तिथे त्याच क्षणी दुसरं कुणीतरी असतं. नुसता हळू चालवणारा माणूस अडचणीचा नसतो. ठरावीक रेषेवरून सावकाश जाणाऱ्याला ओलांडणं सोपं असतं. ज्याचा अंदाज बांधता येत नाही, त्याची भीती वाटते.

आणि ओपनमध्ये तुला मागून गाठलं जाण्याची शक्यता किती, तेही मांडून बघ. चेन्नईचा ट्रॅक, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे तो, एका फेरीला ३.७१७ किलोमीटरचा. पहिला १:५८ नं फिरतोय आणि तू पहिल्यांदाच गेलास म्हणून २:१५ नं फिरतोयस असं धर. फेरीमागे १७ सेकंद. तू सातवी फेरी संपवत असताना त्याची आठवी संपत आलेली असते आणि तो नेमका तुझ्या पाठीशी पोचलेला असतो. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, सगळे शेवटच्या फेऱ्यांच्या झुंजीत. वर्षभराची मेहनत, करार, नोकरी पणाला लावून आलेली माणसं ती. अशा वेळी ट्रॅकच्या कडेला उभा असलेला मार्शल निळा झेंडा दाखवतो. निळा म्हणजे मागून वेगवान रायडर येतोय, तुझी रेषा सोडू नको, अचानक आडवा येऊ नको. नवख्याला तो झेंडा दिसतच नाही, नजर पुढच्या चाकावर खिळलेली असते. तो मुद्दाम करत नाही. गाडी सांभाळण्यातच त्याचं सगळं लक्ष खर्ची पडलेलं असतं, आजूबाजूला बघायला काही उरत नाही. म्हणून झेंडे घरून पाठ करून जा: पिवळा असेल तर ओलांडायचं नाही, लाल असेल तर शर्यत थांबली, पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पुढे निसरडं, काळ्यावर केशरी गोल आणि तुझा नंबर म्हणजे तुझ्याच गाडीत बिघाड, ट्रॅकबाहेर ये.

जगातल्या मोठ्या शर्यतींनीही हाच प्रश्न नियमानं सोडवलाय. मोटोजीपीत सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय शर्यतीत उभं राहता येत नसे. २०२३ पासून ती मर्यादा आणखी कडक करून १०५ टक्के केली. म्हणजे पहिल्याची वेळ दोन मिनिटं असेल तर तुझी २ मिनिटं ६ सेकंदांच्या आत हवी.

आयल ऑफ मॅन बेटावरचं उदाहरण मला याहून आवडतं. तिथे १९०७ पासून टीटी, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी, ही दुचाकींची शर्यत होते. आजची एक फेरी ६० किलोमीटरच्या वर, एरवी वाहतुकीच्या असलेल्या रस्त्यावरून, गावांतून, दगडी गडग्यांच्या मधून. त्या रस्त्यानं अडीचशेहून अधिक रायडरांचा जीव घेतलाय. तिथल्या लोकांनी १९२३ मध्ये त्याच रस्त्यावर हौशी रायडरांसाठी निराळी शर्यत सुरू केली, तीच आजची मँक्स ग्रां प्री. टीटीत पुढे नाव काढलेले कितीतरी रायडर आधी मँक्समध्ये घडले. आणि आजही तिथे पहिल्यांदा आलेल्याला, मग तो बाहेरच्या सर्किटांवर केवढाही मोठा असो, आधी अनुभवी रायडरच्या मागून आवरलेल्या वेगात फेरी मारावी लागते. नवखेपणाची तिथे कुणाला लाज वाटत नाही. तो एक टप्पा म्हणून मान्य केलेला आहे, त्याला जॅकेट वेगळं, सूचना वेगळ्या. आपल्याकडे मात्र ‘नोव्हिसला उतरला’ म्हटलं की नाक्यावर पोरं हसतात. हसू देत.

तुझ्या चिखलातल्या दोन विजयांना मी कमी लेखत नाही, उलट ते तुझं खरं भांडवल आहे असं मानते. जांभ्याची माती भिजली की तिच्यावर चाक कसं सुटतं आणि सुटलेलं चाक कसं धरून ठेवायचं, हे तुला अंगानं कळतं. त्यासाठी बाहेरचे लोक पैसे मोजतात. मोटोजीपीचा माजी जगज्जेता व्हॅलेंटिनो रॉसी, त्यानं इटलीत आपल्या तवुलिया गावाजवळ मातीचा ट्रॅक बांधला आणि त्याच्या अकादमीतले डांबरावरचे रायडर तिथे मातीत सराव करतात. २०२३ च्या सप्टेंबरात आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत जिंकणारा मार्को बेझेक्की त्यांच्यातलाच. तेव्हा पावसाळी शर्यती सोडू नको. पण डांबर वेगळं मागतं. चिखलात तू पाय बाहेर काढून, मागच्या ब्रेकवर गाडी फिरवतोस. डांबरावर जवळजवळ सगळं काम पुढच्या ब्रेकचं, तेही वळणात शिरता शिरता हळूहळू सोडत न्यायचं, आणि गाडी गुडघा टेकेपर्यंत झुकलेली असताना उजव्या मनगटाचा एक झटका तुला उडवून टाकतो. ही सवय लागायला ट्रॅकवरच्या फेऱ्या लागतात. कोल्हापूरचा ट्रॅक त्यासाठी चांगला आहे, छोटा आहे म्हणून वळणं पटापट येतात. मोठ्या वेगातून ब्रेक धरण्याचा अनुभव मात्र तिथे मिळणार नाही. तो चेन्नईला किंवा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, प्रशिक्षकाबरोबरच घे.

आणि परशुराम घाटात, कुंभार्लीत किंवा नव्या हायवेवर पहाटे ‘वेळ लावायला’ जात असशील तर ते आजच बंद कर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलास तर एक वर्षापर्यंत. कायदा बाजूला ठेवला तरी समोरून दूध घालायला निघालेला माणूस येत असतो, आणि त्यानं कुठलाही प्रवेश अर्ज भरलेला नसतो.

मग पगारी रायडरांशी स्वतःला ताडून बघायची तुझी जी ओढ आहे, तिचं काय? ती मला कळते, आणि ती दाबून टाक असं मी म्हणणार नाही. तिच्यासाठी रॅली आहे. सर्किटवर सगळे एकदम सुटतात. रॅलीत एकेक जण ठरावीक अंतरानं सुटतो आणि प्रत्येक जण घड्याळाशी लढतो. तू हळू असलास तरी वळणात कुणाच्या आडवा येत नाहीस, आणि संध्याकाळी निकालाच्या कागदावर राष्ट्रीय विजेत्याची त्याच टप्प्यावरची वेळ आणि तुझी वेळ शेजारी शेजारी छापलेली असते. दुचाकींच्या राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या पुणे-नाशिककडेही झालेल्या आहेत, मातीच्या आणि खडीच्या रस्त्यांवर, म्हणजे तुझ्या ओळखीच्या जमिनीवर. डकारसारख्या वाळवंटातून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या रॅलीतसुद्धा कंपन्यांचे रायडर आणि पदरचे पैसे घालून आलेले हौशी एकाच वाटेवरून जातात, तेही याच कारणानं. मात्र तिथेही गट वेगळे ठेवलेत, आणि हौशी माणसाला आधी छोटी रॅली पूर्ण करून दाखवावी लागते. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा तो ३६ वा आला होता. केरळचा हरिथ नोआ मातीवरच्या सुपरक्रॉसमधून, म्हणजे उंचवट्यांवरून उड्या घेत जायच्या शर्यतींतून, वर आला आणि २०२४ मध्ये डकारच्या रॅली-२ गटात, म्हणजे अव्वल गटाच्या खालच्या गटात, पहिला आला, एकूण क्रमवारीत अकरावा. तुझा पाया त्याच्या पायाच्या जवळचा आहे. माझं मत विचारशील तर चेन्नईच्या आधी तू एक रॅली कर.

आता पैसे. मित्रांची वर्गणी घेऊ नको, निदान पहिल्या वर्षी. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण सकाळी सरी येऊन गेल्यात, टायर कोरड्या रस्त्याचे आहेत, पोटात गोळा आलाय, अशा वेळी तुला मुकाट्यानं गाडी पिटमध्ये परत आणता आली पाहिजे. पंधरा मित्रांचे पैसे डोक्यावर असताना तो हात आखडत नाही, थ्रॉटल पिळला जातो. टेबलावरून मी हे पाहिलेलं आहे, म्हणून एवढं ठासून सांगते. तुला स्वतःच्या कमाईतून झेपेल एवढंच कर, आणि झेपण्यासारखा मार्ग आहे. एका कंपनीच्या एकसारख्या गाड्यांवर होणाऱ्या शर्यती असतात, टीव्हीएसची वन-मेक, रॉयल एन्फील्डचा काँटिनेंटल जीटी कप, अशा. तिथे निवड चाचणी होते, तयार गाडी मिळते, त्यामुळे स्वतःची रेस-बाईक बांधायचा खर्च वाचतो, आणि सगळ्यांची गाडी एकच असल्यानं कोण कुठे कमी पडतो ते स्वच्छ कळतं. पडल्यावर गाडीच्या नुकसानीचा भार कुणावर, हे मात्र सही करण्याआधी वाच. लेदर सूट, पाठीचं संरक्षक कवच, चांगलं फुल-फेस हेल्मेट, मनगटावर येणारे हातमोजे, बूट, यांत काटकसर करू नको. सूट पहिल्यांदा भाड्यानं किंवा ओळखीनं घेतलास तरी चालेल, पण अंगाला घट्ट बसणारा घे. सैल सूट घसरताना सरकतो आणि आतलं कवच जागेवर राहत नाही.

विम्याचं कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत एक ठरलेलं कलम असतं: व्यावसायिक म्हणून साहसी खेळात भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळणार नाही, आणि त्या यादीत मोटर रेसिंग नावानिशी असतं. तू पगारी नाहीस म्हणून कलम तुला लागत नाही, असं परस्पर धरून चालू नको. बक्षिसाची रक्कम घेतलीस तर काय, ओपन गटात उतरलास तर काय, हे कंपनीकडून लेखी घे. तुझ्या रोजच्या गाडीच्या पॉलिसीतही संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. स्पर्धेचा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया देते. परवान्याबरोबर येणाऱ्या विम्यात नेमकं काय आणि कितीपर्यंत मिळतं, तेही अर्ज करतानाच विचार. पुरानंतर कर्ज फेडून बाहेर आलेल्या घराला इस्पितळाचं नवं बिल परवडणार नाही, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

आईला सांग. गोड करून सांगू नको, खरं सांग. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या याच ट्रॅकवर, राष्ट्रीय स्पर्धेत, बंगळुरूचा श्रेयस हरीश हा १३ वर्षांचा मुलगा शर्यत सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पडला आणि गेला. तो नवखा-अडाणी नव्हता, त्याच्या वयोगटात चमकणारा होता. डॉक्टर, रुग्णवाहिका, मार्शल, सगळं असूनही असं होतं. तू हा धोका पत्करतोयस हे तुझ्या घरच्यांना माहीत असलं पाहिजे. आणि तू कुंभार्ली उतरून घरी यायला उशीर केलास की ती वाट बघत बसते, तेव्हा निदान कशाची वाट बघतेय हे तिला कळू दे. ती नको म्हणेल, भांडेल, कदाचित पंधरा दिवस बोलणार नाही. तरी सांग. शक्य झालं तर तिला एकदा कोल्हापूरला सरावाच्या दिवशी घेऊन जा. सगळे जण सूट घालून, एकाच दिशेनं, झेंड्याच्या इशाऱ्यावर गाड्या चालवतायत हे बघितल्यावर हायवेवरच्या तुझ्या येण्याजाण्याची तिला जास्त काळजी वाटेल, असा माझा अंदाज आहे.

बाबांशी तारखांचं बोल. गणपतीच्या आधी चाकरमानी येतात तेव्हा गॅरेजला पाणी प्यायला फुरसत नसते. राष्ट्रीय स्पर्धेची फेरी त्याच आठवड्यात आली तर ती सोड. वर्षात आणखी फेऱ्या असतात.

राहिला ओपनचा प्रश्न. माझा हिशेब असा: कोल्हापूरला सलग बारा फेऱ्या मार, पहिली आणि शेवटची सोडून दे. उरलेल्या दहांतल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ फेरीत एका सेकंदाहून जास्त फरक नसला पाहिजे. छोट्या ट्रॅकवर ते जमतं. हे तीन वेगवेगळ्या दिवशी जमलं, त्यातला एक दिवस उन्हाचा असला, की नोव्हिसला जा. नोव्हिसमध्ये एक अख्खा हंगाम काढ. शर्यतीच्या गर्दीतही तुझ्या फेऱ्यांतला फरक दीड सेकंदाच्या आत राहू लागला, आणि तुझी सरासरी वेळ, सर्वांत चांगली नव्हे तर सरासरी, ओपनमधल्या पहिल्याच्या १०७ टक्क्यांच्या आत आली, की ओपनला बिनधास्त नाव घाल. त्या दिवशी तू शेवटचा आलास तरी चालेल. तुझ्या मागून येणाऱ्या पगारी रायडरला तुझी रेषा कळेल, तो तुला ओलांडून जाईल, आणि तो कसा गेला हे तुला मागून बघायला मिळेल. तेवढ्यासाठी तरी त्या गटात जायलाच हवं, आणि काकांनाही मग हरकत घ्यायला जागा उरणार नाही.

मोबाइलवरचं साधं लॅप-टायमरचं ॲप सरावाला पुरतं. पहिल्या दहा फेऱ्यांचा तक्ता या सदराच्या पत्त्यावर पाठव, न सुधारता, पडलेल्या फेरीसकट. कुठे ब्रेक लवकर धरला जातोय ते बघून कळवते.